हातचा

लिमा शहर संपतं, तिथून आमची टेकडी सुरू होते.
वर जाल तसं पाणी महाग:
पायथ्याशी पिंप दीड सोलला,
शाळेपाशी तीन,
आणि आमच्या ओळीत, जिथे टँकर येतच नाही,
तिथे तीन सोल आणि एकशे अठ्ठावीस पायऱ्या.
पायऱ्या म्हणजे जुने टायर, माती भरून रोवलेले.

जुलैत, धुकं दारातून आत येऊन बसलेलं असताना
पालिकेचे इंजिनीयर रेन्तेरिया आले.
वस्तीच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावरचा
मसुराचा हिशेब पुसून त्यांनी दोन रकाने आखले.
लाभ. खर्च.
पैसा एकाच कामापुरता होता:
सिमेंटचा जिना, नाहीतर गाडीरस्ता.
रस्त्याखाली अकरा घरं जाणार होती.
"नेलिदा, तुझं अक्षर बरं, तू लिही," म्हणाले सगळे.
मी शिवणकाम करते. मापं घ्यायची सवय आहे.

"रस्ता झाला तर घरटी रोज दीड तास वाचेल.
तासाची मजुरी किती?"
गवंडीकाम करणाऱ्या विल्बेरने सांगितली. लिहिली.
"आणि बायका? ज्या कामाला जात नाहीत?"
साहेबांनी खडूने शून्य काढलं,
सुबक, एका फेऱ्यात.

तेव्हा बासिलिया न्याउई उठली.
तिला उठायला वेळ लागतो; सगळे थांबले.
"मग साहेब," ती म्हणाली, "अठरा वर्षं
ते पाणी वर कोण आणत होतं?"

हसलो आम्ही. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता,
बुटांना आमचाच चिखल होता.
शून्य पुसून त्यांनी अर्धी मजुरी मांडली.
अर्धीच का, हे विचारायचं
कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मग खर्च.
अकरा घरं: पत्रा, प्लायवूड, विटा, चौरस मीटरचा दर.
एलेउतेरिओ म्हणाला, "माझं अंजिराचं झाड आहे,
भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलेलं."
"फळ धरतं?"
"अजून नाही."
"मग नका लिहू."
मी लिहिलं नाही.

मतदानात पहिला हात त्याच एलेउतेरिओचा, रस्त्याच्या बाजूने.
त्याची बायको गेल्या वर्षी
बिजागरीतून काढलेल्या दारावर निजवून चौघांनी खाली नेली होती,
आणि शाळेपाशी पोचल्यावर घाई संपली होती.
तो काही बोलला नाही. नुसता हात वर धरून राहिला,
मोजणी झाल्यावरसुद्धा.
आणि बासिलिया, जिच्या गुडघ्यांनी रस्त्यासाठी नवस बोलावा,
तिने विरोधात मत दिलं.
"सातव्या घरात मी बाळंतपण केलंय," एवढंच म्हणाली.

एक्केचाळीस विरुद्ध सदतीस. रस्ता.

आता टँकर येतो. पिंप दोन सोलला.
बासिलियाच्या दाराशी हॉर्न वाजतो,
ती शिव्या देते आणि पाणी भरते.
माझा रोजचा तास वाचतो, आठवड्याला
दोन स्कर्ट जास्तीचे होतात.
खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

पण शाळेत बेरजेत माझा हातचा राहायचा.
उत्तर दिसायला नीटनेटकं, खाली दोन रेघा,
आणि बाई लाल पेन्सिलीने वर कोपऱ्यात
बारीकसा एक काढायच्या.

अकरांपैकी चार घरं खाली गेली, भाड्याच्या खोल्यांत.
सात वर चढली, रस्ता संपतो त्याच्याही वर,
नुसता खडक आहे तिथे.
तिथे पिंप साडेतीन सोल.
पायऱ्या अजून कोणी मोजलेल्या नाहीत.

परवा एलेउतेरिओ आला,
तेलाच्या डब्यात अंजिराची फांदी लावलीय, दोन पानं फुटलीत, सांगायला.
जाता जाता म्हणाला, "वर सभा घ्यायची आहे.
लिहिणारं कोणी नाही."
मी तीच वही काढली. मागची एकोणीस पानं कोरी होती.
"टेपही घेऊ का?"
"घे," तो म्हणाला. "आणि पाणी इथेच पिऊन निघ."